सोजरमावशी आणि नऊ टोपल्या

सोजरमावशीचा कुणावरच भरवसा नव्हता. हे मी तिच्या माघारी सांगत नाही. ती स्वतःच आल्यागेल्याला सांगायची, एखाद्यानं आपल्याला गोड चालत नाही म्हणून सांगावं तितक्या सहज. “माजा कुणावर बी भरवसा न्हाई बरं का,” म्हणायची आणि मग चहा विचारायची.

हमरस्त्यावरच्या मांजरसुंब्यापासून आत, डोंगराच्या सपाटीवरच्या तिच्या गावात मी सात वर्षं शाळेवर होतो. ती माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत होती आणि भिंतीपलीकडे तिची पंचवीसेक शेरडं. नवरा कधीचाच वारलेला. एकुलता मुलगा मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर तंदूर सांभाळायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. मावशी अंगानं काटकुळी, उंच. समोरच्याकडे डोळे बारीक करून बघायची. ती तसं बघायला लागली की आपण काहीतरी लपवलंय असं उगाच वाटायचं.

“कावून?” हा तिचा आवडता शब्द. बस उशिरा आली, कावून? शाळेला सुट्टी, कावून? माझ्या बायकोनं एकदा भिंतीवरून लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली, तर हिनं ती आधी उचलून बुडाकडून बघितली. “फुकट आलेलं उलटं करून बघावं बाई. राग मानू नका.” लोणचं मात्र चार दिवसांत संपलं. जनावरांचे डॉक्टर लस टोचायला आले की ती विचारायची, “तुमच्या घरी शेरडं हायत का?” ते नाही म्हणाले की एकच बोकड पुढे करायची. त्याला टोचा म्हणायची, आणि तो संध्याकाळपर्यंत उड्या मारताना दिसला तरच बाकीच्यांची पाळी. बिचाऱ्या डॉक्टरांना तिच्यासाठी दोन चकरा व्हायच्या. पण त्यांनीच मला एकदा सांगितलं की सगळ्या गावात नोंदी तोंडपाठ असलेली हीच एक बाई आहे. कुठल्या शेळीला कधी काय टोचलं, ते तिला विचारून ते आपलं रजिस्टर दुरुस्त करायचे.

ह्या संशयाला कारण होतं. मी त्या गावात यायच्या आधी काही माणसं गायरानावर आली होती. लोखंडी खांब रोवला, वर भिंगरीसारखं काहीतरी बसवलं. लोकांनी विचारलं तर ती माणसं म्हणाली, आम्ही फक्त वारा मोजतोय. वारा मोजून कुणाचं काय जातंय, असं गावाला वाटलं. दोन पावसाळे गेले आणि पलीकडच्या टेकडीवर रस्ता आला, पवनचक्क्या आल्या, आणि मावशीची शेरडं ज्या उतारावरून ओढ्याला जायची तिथं तारेचं कुंपण आलं. तेव्हापासून फेऱ्यानं जावं लागायचं. “माप घेणारा माणूस परत येतो,” असं ती म्हणायची.

आणि मी एका रविवारी सकाळी त्याच गायरानात मापाची टेप घेऊन उभा होतो.

झालं होतं असं, की माझा मेव्हणा नोकरीसाठी दोन वर्षं परदेशात राहून आला आणि येताना बॅगेत अकरा तबकड्या घेऊन आला. डिस्क गोल्फ नावाचा खेळ तिकडे लोक बागांमधून खेळतात म्हणाला. जेवणाच्या ताटलीएवढी प्लास्टिकची जड तबकडी, आणि लांबवर खांबाला लावलेली साखळ्यांची टोपली. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, ती पडेल तिथं चालत जायचं, तिथून पुन्हा फेकायची, असं करत टोपलीत टाकायची. साखळ्यांना आपटून ती खाली टोपलीत पडली की ती टोपली संपली. नऊ टोपल्या मिळून ज्याच्या फेकी सगळ्यात कमी, तो जिंकला. मला हे फार आवडलं. आमच्या शाळेला धड पटांगण नव्हतं, क्रिकेटला सपाट जागा नव्हती, आणि ह्या खेळाला तर चढउतार, बाभळी, खडक हेच हवे होते. मी वेल्डिंगवाल्याकडून सायकलीच्या जुन्या रिंगा आणि साखळ्या जोडून नऊ टोपल्या करून घेतल्या. ग्रामपंचायतीकडून परवानगीचं पत्र घेतलं. टेपचं दुसरं टोक धरायला रेश्मा होती. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी गावातली मुलगी.

“काय मोजायलात गुर्जी?” बाभळीखालून आवाज आला.

“खेळाचं मैदान आखायलोय मावशी.”

“मैदान चौकोनी असतंय. हे तर सापावानी इकडून तिकडं चाललंय.”

मी तिच्या हातात एक तबकडी दिली. वाटलं, वस्तू बघितली की शंका जाईल. तिनं अर्थातच ती उलटी केली. पाठीमागे चार आकडे छापलेले होते. तबकडी किती वेगानं, किती लांब, कुठल्या बाजूला वळते ते सांगणारे. मावशीला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते.

“ह्यो गट नंबर कुठला?”

“गट नंबर नाही मावशी. ही तबकडी कशी उडते त्याचे आकडे आहेत.”

“उडणाऱ्या वस्तूला नंबर?” तिनं तबकडी माझ्या हातात ठेवली. “विमानाला असतोय. तवा ह्यात बी कायतरी असंल.”

संध्याकाळपर्यंत आम्ही नऊही टोपल्या रोवल्या. दुसऱ्या दिवशी तीन नंबरची टोपली गायब झाली. खांबासकट. खड्डा व्यवस्थित बुजवलेला होता. शोधायला फार लांब जावं लागलं नाही, कारण भिंतीवरून वाकून बघितलं तर टोपली मावशीच्या अंगणात होती, आणि तिच्यात एक कोंबडी सात पिलांना घेऊन बसली होती.

“मावशी, ती आमची आहे.”

“गायरानात जे हाय ते गावाचं. म्या सांभाळायला आणलंय. कागद दावा आन् घेऊन जावा.”

मी परवानगीचं पत्र आणून मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि पत्र ठेवून घेतलं. संध्याकाळी रेश्माला बोलावून तेच पत्र पुन्हा वाचून घेतलं, माझ्या वाचण्यात आणि तिच्या वाचण्यात फरक पडतोय का ते बघायला. पडला नाही. तेव्हा कोंबडी बाहेर निघाली.

टोपली मात्र तिच्या देखत बसवायची ठरली, आणि त्या वेळी तिनं आम्हाला शेरडांची वाट दाखवली. दिसायला काही नव्हतं, नुसतं थोडं मऊ झालेलं गवत. आमची तीन नंबरची आणि चार नंबरची फेक नेमकी त्या वाटेवरून जात होती. जड तबकडी शेरडाच्या पायाला लागली तर पाय मोडेल, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. दोन्ही टोपल्या हलवल्या. आणि पुढे मी पत्र्यावर नियम रंगवून लावले त्यात पहिला नियम तिचा होता: शेरडू आडवं आलं तर थांबायचं.

खेळ चालू झाला. रविवारी वीस-पंचवीस जण यायला लागले. भरतीची मुलं-मुली, दोन-तीन शिक्षक, दूध घालून परत जाणारे गडी, एकदा तर मांजरसुंब्याला गाडी लावून दोन ट्रकड्रायव्हर आले. मावशी बाभळीखाली बसून हे सगळं बघत असायची. शेरडांवर एक डोळा, आमच्यावर एक. महिनाभर ती काही बोलली नाही. मग एक दिवस मला जवळ बोलावून विचारलं, “पंच कुठाय?”

“ह्या खेळात पंच नसतो. ज्यानं त्यानं आपल्या फेकी आपण मोजायच्या. पाय रेषेच्या पुढे गेला, तबकडी हद्दीबाहेर गेली, तर आपलं आपण सांगायचं.”

ती इतकी हसली की खोकला लागला. “आन् लोक सांगतेत?”

“सांगतात की.”

“बघू,” म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या खेळाला पंच मिळाला. कुणी नेमला नव्हता, कुणाला नको म्हणायचं धाडस नव्हतं. तबकडी जिथं पडते तिथं मागे खूण ठेवायची आणि पाय खुणेच्या मागेच राहिला पाहिजे, हा नियम तिला सगळ्यात जास्त आवडला. शंभर पावलांवरून हाक यायची, “पाय फुडं गेला!” मुलं चिडायची. एक जण म्हणालाही, “तू कोण बे सांगणारी—” आणि अर्ध्यावरच गप्प बसला, कारण मावशी उठून त्याच्याकडे चालायला लागली होती. ती त्याच्याजवळ गेली, त्याच्या पायाच्या पंजाची खूण मातीत दाखवली आणि परत जाऊन बसली. तो मुलगा पुढे तिला घाबरून असायचा आणि खेळायचाही चांगला.

आता माझंच सांगतो. सात नंबरची टोपली पाझर तलावाच्या वरच्या अंगाला होती. आमच्या नियमात तलाव हद्दीबाहेर. तबकडी पाण्यात किंवा काठाच्या दगडांपलीकडे गेली की एक फेक दंड. एका रविवारी मी रेश्मापेक्षा एका फेकीनं पुढे होतो. सात नंबरवर माझी तबकडी घसरत गेली आणि दगडांपलीकडे वीतभर जाऊन थांबली. बाकीचे मागे होते. मी चालत गेलो, वाकलो, आणि उचलताना ती सहज दगडांच्या अलीकडून उचलल्यासारखी उचलली. मी काही ठरवलं नव्हतं. हातानं केलं. टोपली पूर्ण करून “तीन” म्हणालो आणि कागदावर तीन लिहिलं.

मावशी खालच्या काठावर शेरडांना पाणी पाजत होती. सगळे पुढच्या टोपलीकडे निघाले तशी ती माझ्या बाजूनं चालायला लागली, आणि मला एकट्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “गुर्जी, चार.”

मी कागदावर तिनाचे चार केले. रेश्मा जिंकली. मावशीनं ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही, हे मला पुढे कळलं. पण त्या आठवड्यात मी भिंतीपलीकडे बघायचं टाळत होतो.

ती स्वतः खेळली ती एकदाच. सगळ्यांनी फार आग्रह केला म्हणून. जन्मभर शेरडं वळवायला दगड आणि काठ्या फेकलेला हात होता. तबकडी तिनं भाकरी तव्यावर टाकावी तशी धरली, मनगटाला एक झटका दिला, आणि ती जमिनीपासून गुडघाभर उंचीवरून सरळ गेली, बाभळीच्या बुंध्याला वळसा घातला आणि पाच नंबरच्या टोपलीखाली जाऊन पडली. तिथून दुसरी फेक. साखळ्या खणखणल्या. दोन! आमच्यापैकी कुणालाही पाच नंबर कधी दोनात जमली नव्हती. मुलांनी आरडाओरडा केला, रेश्मानं तिला मिठी मारली.

मावशीनं मिठी सोडवली, टोपलीपाशी गेली, खाली वाकली, खांबाला हात लावून बघितला, मग साखळ्या एकेक चाचपल्या.

“काय बघताय मावशी?”

“लव्हचुंबक लावलंय का कुणी?”

“तबकडी प्लास्टिकची आहे. तिला चुंबक कसं ओढेल?”

“मंग कशी गेली?” ती खरोखर विचारत होती. आम्ही तिला खूश करायला काहीतरी केलंय, ही शंका तिच्या डोळ्यांतून गेलीच नाही. तिनं पुन्हा तबकडी हातात घेतली नाही.

काकासाहेबांना आमच्या खेळाची बातमी लागली ती तिसऱ्या वर्षी. काकासाहेब म्हणजे त्या भागातलं वजन असलेलं नाव. शेती मोठी, माणसं मोठी, गावात कोण निवडून येणार हे त्यांच्या ओट्यावर ठरायचं. एका रविवारी ते पांढरी गाडी घेऊन गायरानात आले, दोन तबकड्या फेकल्या, दोन्ही बाभळीत अडकल्या, आणि मला खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सर, तुमी लई मोठं काम केलं. ह्याला कायमचं क्रीडांगण करून टाकू. कंपाउंड, पाण्याची टाकी, बसायला बाक.”

मला भरून आलं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. शाळेवरच्या एका मास्तराच्या वेडाला कुणीतरी मोठं म्हणालं होतं. आठवड्यानं त्यांचा माणूस कागद घेऊन आला. ग्रामसभेत मांडायच्या ठरावाला गावकऱ्यांचा पाठिंबा, म्हणून सह्या हव्या होत्या. पहिली सही माझी. वरचं पान मी वाचलं. “गायरानातील जागा क्रीडांगणासाठी राखून ठेवणे.” मागे टाचलेली दोन पानं होती, ती उघडली नाहीत. आणि तोच कागद घेऊन मी स्वतः दारोदार फिरलो. सरांनी आणलंय म्हणून लोकांनी सह्या केल्या.

मावशीच्या दारात गेलो तेव्हा ती शेंगा फोडत होती. “वाचा,” म्हणाली. मी वरचं पान वाचलं.

“टाचणीच्या मागचं बी वाचा.”

“ते नकाशाबिकाशाचं असतं मावशी.”

“मंग नकाशाबिकाशा वाचा.”

मला उशीर झाला होता, ऊन लागत होतं, आणि पन्नास घरं फिरून झाली होती. मी चिडलो. “मावशी, एवढ्या गावानं सह्या दिल्या. तुमाला कुणाचाच कसा भरवसा न्हाई? निदान माझा तरी?”

ती शेंगा फोडायची थांबली. मग शांतपणे म्हणाली, “रेश्माला बोलवा. तिच्या फोनात ह्याचा फोटू काढू द्या. मंग घेऊन जावा.” अंगठा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रेश्मा शाळेत आली. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मला चिंचेखाली नेलं आणि फोन पुढे केला. “सर, शेवटचं पान बघितलंत का?”

शेवटच्या पानावर जो गट नंबर होता त्यात आमची एकही टोपली येत नव्हती. आमचा खेळ वरच्या माळावर. कागदावरची जमीन खालची होती. डांबरीलगतची, पाझर तलावासकट. ती एका क्रीडा मंडळाच्या ताब्यात दीर्घ मुदतीनं द्यायची होती, मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब, आणि वापर “क्रीडा व इतर आनुषंगिक प्रयोजनासाठी.” डांबरीलगत ढाबा, पेट्रोलपंप, गोदाम, काहीही ह्या दोन शब्दांत बसत होतं. सगळ्या गावाची जनावरं त्याच तलावावर पाणी पीत. आणि पहिल्या पानावर सगळ्यात वर माझी सही.

मी त्याच संध्याकाळी काकासाहेबांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला. कागद बघितलाही नाही. “टायपिंगची चूक असंल सर. करून घेऊ दुरुस्त.” मग बशीत चहा ओतत म्हणाले, “तुमच्या मंडळींचं माहेर वडवणीकडं ना? तिकडं बदली पायजे असली तर सांगा. आन् लांब नको असली तरी सांगा.”

एवढंच म्हणाले. मी घरी आलो. रेश्माला सांगितलं की चूक आहे, दुरुस्त करतायत. तिनं मान हलवली. ग्रामसभेला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी एकाही घरी परत गेलो नाही. ज्यांच्याकडून सह्या घेतल्या होत्या त्यांच्यापैकी कुणालाही काही बोललो नाही. भिंतीपलीकडेही नाही.

ग्रामसभा मारुतीच्या सभामंडपात भरली. ठराव मांडायला उभा राहिलेला माणूस भरभर वाचत गेला, पहिलं पान संपलं, टाळ्या सुरू झाल्या. काकासाहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी खाली बघत होतो. बायकांच्या बाजूनं मावशी उठली.

“येक इचारायचं हाय.”

“इचारा की मावशी,” काकासाहेब हसत म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळलीच नाही. माझ्याकडे वळली. “गुर्जी, तुमच्या खेळात ताटली पाण्यात पडली तर काय असतंय?”

मी उभा राहिलो. “हद्दीबाहेर. एक फेक दंड.”

“म्हंजे पाणी खेळाच्या भायेर.”

“हो.”

“मंग खेळाच्या कागदात तळं कावून हाय?”

तिनं पुढे फक्त एवढंच सांगितलं, की नऊ टोपल्या वरच्या माळाला आहेत, मी रोज त्यांच्यामधूनच शेरडं नेते, आणि ह्या कागदात जो नंबर आहे तो खालच्या पाण्याचा. रेश्मानं उठून शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. तिनं एकही शब्द गाळला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, “आमची जनावरं काय डांबर पितील का?” मग सगळेच बोलायला लागले. काकासाहेब उठले, टायपिंगची चूक म्हणाले, ठराव मागे घेतला म्हणाले, आणि पांढऱ्या गाडीत बसले. जाताना ते कुणावरही रागावलेले दिसले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

सभेतून परतताना मावशी माझ्या पुढे चालत होती. घराशी आल्यावर थांबली.

“गुर्जी, तुमी ते पान वाचलं न्हवतं, का वाचून गप बसलात?”

खरं उत्तर असं होतं की आधी वाचलं नव्हतं, आणि नंतर वाचून गप्प बसलो. मी म्हणालो, “वाचलं नव्हतं मावशी.”

तिनं डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. “असंल,” म्हणाली आणि कडी काढून आत गेली.

पंधरा दिवसांत तीन टोपल्या कुणीतरी करवतीनं खांबापासून कापून नेल्या. कुणी, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही सहा टोपल्यांवर खेळत राहिलो. मावशी बाभळीखाली बसायची, पण “पाय फुडं गेला” ही हाक कमी झाली होती. आणि माझ्या फेकीवर ती एकदाही बोलली नाही. मुद्दाम मी एकदा पाय खुणेच्या पुढे ठेवून फेकलं. ती शेरडांकडे बघत बसली. त्या दिवशी मला रडू येईल असं वाटलं. पुढच्या वर्षी माझी बदली झाली, शिरूर कासारच्या बाजूला. निघताना तिनं बायकोला शेंगांचं गाठोडं दिलं, मला “नीट जावा” म्हणाली.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली. उन्हाळ्यातली गोष्ट. वडवणीला जायला मी मांजरसुंब्याच्या चौकात बसची वाट बघत उभा होतो. ढाब्यांच्या रांगेपलीकडून शेरडांचा कळप आला आणि त्याच्या मागे ती. बरीच वाळली होती. गावात चारा संपला म्हणून हमरस्त्यापलीकडच्या रिकाम्या रानात चारायला नेत होती. गाड्यांची रीघ लागलेली, म्हणून कडेला थांबली. मी जवळ गेलो. तिनं ओळखलं, बायकोची चौकशी केली, सांगितलं की रेश्मा भरती झाली, नागपूरकडे आहे, आणि चोरीला गेलेल्या तिन्ही टोपल्या तिनं जायच्या आधी नव्या करून बसवल्या.

मी म्हणालो, “मावशी, त्या कागदाचं तुम्ही मला विचारलं होतं. मी वाचला होता. सभेच्या चार दिवस आधी. भ्यालो, म्हणून बोललो नाही.”

ती रस्त्याकडेच बघत होती. “ठावं हाय. रेश्मानं तवाच सांगितलतं.”

“मग त्या दिवशी मला विचारलंत कशाला?”

“तुमी सांगता का बघत व्हते.” मग माझ्याकडे वळली. “लई दिस लावले गुर्जी.”

गाड्यांमध्ये जरा फट पडली आणि तिनं जिभेनं आवाज काढून कळप रस्त्यात घातला. माझी बसही तेवढ्यात लागली. खिडकीशी जागा मिळाली. बघितलं तर ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. एक लंगडं करडू काखेत, दुसऱ्या हातात आडवी धरलेली काठी, आणि काठीपुढे एक अख्खा कंटेनर थांबलेला. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. ती हलत नव्हती. शेवटचं शेरडू अजून यायचं होतं.